हॅचसाहेबांच्या हनुवटीवरची पट्टी

मंगळवार, २ सप्टेंबर १९५८

आज हॅचसाहेबांना कापलं. मी! हनुवटीखाली, डाव्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढं. हात माझा हलला नाही — मान त्यांची हलली. हसू फुटलं त्यांना. गळ्यावर वस्तरा असताना कोणी हसतं का?

कशावर हसले ते लिहूनच ठेवतो. पोटात ठेवलं तर जळेल.

दुकानाचे पडदे अजून वर करायचे होते तेवढ्यात दोघं आले. काउंटीचे शिक्षणप्रमुख क्लेबर्न हॅच आणि काउंटीचा वकील टॅल्बर्ट. हॅच पहिल्या खुर्चीत, म्हणजे माझ्या. तोंडावर गरम टॉवेल. टॅल्बर्ट शेजारच्या खुर्चीत पाय पसरून. कारागीर लेनर्ड मागे टॉवेल तापवत होता. त्याने कोटातून कागद काढले आणि चक्क मोठ्याने वाचायला लागला. फेडरल जज्जाचा हुकूम, शुक्रवारी निघालेला! काउंटीच्या हायस्कूलने टॉलिव्हरच्या पोरासकट आपल्या अकरा काळ्या मुलांना घ्यायचं. आणि पळवाट म्हणून शाळेची इमारत कोणाला विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, दुसऱ्याच्या नावावर करायची नाही.

टॉवेलखालून हॅच म्हणाला, "म्हणजे संपलंच की रे."

"काय संपलं? तुला हुकूम मिळालाय का?"

"तू आत्ता वाचलास ना!"

"मी? मी तर बेसबॉलचा स्कोअर वाचत होतो. हे बघ क्लेबर्न, कोर्टाचा मार्शल कालपासून तुझ्या ओसरीवर बसलाय आणि तू तळ्यावर मासे धरायला गेलायस. उद्या संध्याकाळी बैठक. बैठकीत सही. इमारत आपल्याच खासगी मंडळाची. मग परवा खुशाल सापड मार्शलला. कागद हातात घे, डोळ्यांवर चष्मा चढव, आणि म्हण — अरेरे!"

ते 'अरेरे' त्याने असं काही गळा काढून म्हटलं की हॅच खो खो हसला. टॉवेल कधीच काढला होता मी. साबण लावलेला. वस्तरा खाली येत होता.

तुरटी घासली. थांबेना. शेवटी पट्टी चिकटवली. "होरेस, म्हातारा झालास," हॅच म्हणाले. "होय साहेब," म्हटलं.

भिंतीलाही कान असतात म्हणतात. न्हाव्याला मात्र नसतात अशी या गावाची खात्री आहे. याच चौकात मी गोऱ्यांचे बूट पुसले, आणि याच चौकात चार खुर्च्यांचं, संगमरवरी फळीचं दुकान थाटलं. कशावर? या खात्रीवर!

बुधवार, ३ सप्टेंबर

झाली सही. काउंटीच्या सगळ्या शाळा बंद — आपलीसुद्धा. गोऱ्यांची इमारत वर्षाला एक डॉलर भाड्याने त्यांच्याच 'खासगी शिक्षण मंडळा'ला. मंडळात कोण? तेच! टोप्या बदलल्या, डोकी तीच.

गुरुवार, ४ सप्टेंबर

साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर फोटो. हॅचसाहेब सही करताहेत, मागे टॅल्बर्ट. हनुवटीवर माझी पट्टी. अगदी स्पष्ट.

लूएला म्हणाली, "मेल्याला डास चावला वाटतं." मी साप्ताहिकाची घडी केली. लग्नाला एवढी वर्षं झाली, तिला काही सांगावं लागत नाही. हातातली चाळण ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"मिस्टर प्रुइट, तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे."

घरातसुद्धा ती मला मिस्टर प्रुइटच म्हणते. बाहेर आयुष्यभर 'ए होरेस' ऐकणाऱ्या माणसाला एका तरी छपराखाली आडनाव असावं, हा तिचा हट्ट.

"कात्रीला धार लावायची राहिलीय, तेवढं ठाऊक आहे," म्हटलं.

रविवार, ७ सप्टेंबर

चर्चनंतर नेहमीप्रमाणे मागच्या ओसरीवर खुर्ची मांडली. आपल्या लोकांचे केस मी घरी कापतो, रविवारी. दुकानात फक्त गोरे. तशी पाटी कुठे नाही. लागतच नाही.

टॉलिव्हर आला. त्याचाच पोरगा अकरांतला पहिला. लाकडाच्या वखारीतली नोकरी त्या खटल्यापायी गेली, तरी माणूस ताठ. मान पुढे केली आणि म्हणाला, "होरेस, तुझ्या दुकानातल्या खुर्च्या मऊ असतात म्हणे?"

"मान हलवू नकोस."

"नाही, विचारलं आपलं. माझा पोरगा गोऱ्यांच्या शाळेत जायला निघालाय. म्हटलं बापाने निदान काळ्याच्या दुकानात जाऊन बघावं."

ओसरीवरचे सगळे हसले. मीही हसलो. हसतो मी, तोच माझा धंदा आहे. पण कानशिलं तापली.

माझी लेक विनी पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती. ती हसली नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

विनी रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन कुलूप लावलेल्या आपल्या शाळेच्या पायऱ्यांवर जाऊन बसते. शेवटचं वर्ष तिचं. पुढे शिक्षिका व्हायचंय. सोबत आणखी चारपाच मुली. एकमेकींना भूगोल शिकवतात! गस्तीवरचा पोलीस विचारतो, "पोरींनो, काय चाललंय?" विनी म्हणते, "वाट बघतोय, साहेब." "कोणाची?" "शाळेची."

आज त्या पोरी शिकवणी घेत होत्या तेव्हा मी चौकात हॅचसाहेबांच्या नातवाचे केस कापत होतो. सोमवारी त्याच्या नव्या 'खासगी' शाळेचा पहिला दिवस. तीच इमारत. तेच मास्तर. तीच घंटा! पोराच्या मानेवर पावडर दोनदा लावली गेली माझ्याकडून. रागाने. म्हातारपणाने नव्हे.

सोमवार, १५ सप्टेंबर

हॅचसाहेबांनी शपथेवर कोर्टाला लिहून दिलंय: हुकूम मला गुरुवारी कळला. त्याआधी मी तळ्यावर होतो, बुधवारी संध्याकाळी थेट बैठकीला आलो. अत्यंत खेद वाटतो, पण इमारत आता आमची राहिलेली नाही.

अरेरे!

शपथेवर. बायबलवर हात ठेवून. आणि आज सकाळी पुन्हा माझ्याच खुर्चीत. "सांभाळून रे होरेस, या खेपेला हसवणार नाही मला कोणी." मी साबणाचा फेस केला. चांगला दाट केला. सवयच आहे हाताला.

मंगळवार, ३० सप्टेंबर

आज चारही खुर्च्या भरलेल्या आणि तोंडं त्याहून जास्त चाललेली. काल वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने आर्कान्सातल्या लिटल रॉकच्या शाळेच्या खटल्यातला निकाल सविस्तर दिला. नऊच्या नऊ न्यायाधीशांची नावं वर छापून! घटनेचा आम्ही लावलेला अर्थ हाच देशाचा कायदा. तो प्रत्येक राज्याला बांधतो. गव्हर्नर असो की विधिमंडळ — आम्हाला मान्य नाही म्हणायची सोय नाही.

बँकेचे म्हातारे मॅनेजर कान भादरून घेत म्हणाले, "टॅल्बर्ट, आता?"

"आता काय? ते आर्कान्साला सांगितलंय. तुम्हाला हे आर्कान्सा दिसतं का?"

"पण घटना तर सगळ्यांची एकच ना?"

"घटना एक, खटले हजार! निकालाला पाय नसतात, साहेब. प्रत्येक काउंटीत कोणीतरी उचलून आणावा लागतो. ज्याला हवा त्याने यावं, लढावं, वकिलांचं पोट भरावं. एका काउंटीत जिंकावं आणि शेजारच्या काउंटीत पहिल्यापासून सुरू करावं. तोवर त्या पोरांना नातवंडं होतील."

मोठा हशा. लेनर्ड, माझा दुसऱ्या खुर्चीवरचा कारागीर, खाली मान घालून कात्री चालवत होता. टक टक टक. त्याच्या दोन पोरी घरी बसल्यात.

मी टॅल्बर्टच्या अंगावरचे केस झटकले. मनात म्हटलं — मला मात्र सगळे कायदे पायांसकट भेटतात! बसमध्ये कुठे बसायचं, कोणत्या नळाचं पाणी प्यायचं, रस्त्यावरून कोण आलं की टोपी काढायची. कोणी मार्शल माझ्या ओसरीवर कागद घेऊन आला नाही कधी. कोणी विचारलं नाही, 'होरेस, तुझ्या नावाने हुकूम आहे का? तुला रीतसर कळला का?' जन्मलो तेव्हाच कळला! आणि हे — शिकले-सवरलेले, कायदा कोळून प्यायलेले — यांना नऊ न्यायाधीश ओरडून सांगतात तरी ऐकू येत नाही.

ऐकू येतं. मला ठाऊक आहे ऐकू येतं. माझ्या खुर्चीत ऐकलं हॅचने.

रविवार, ५ ऑक्टोबर

चर्चच्या तळघरात आपले वकील ओक्ली आले होते. राजधानीहून. तरुण, काळेसावळे, बूट चकचकीत. रताळ्याचं गोड पक्वान्न खाता खाता सांगत होते, आणि मी कोपऱ्यात लूएलाशेजारी.

टॉलिव्हर म्हणाला, "वकीलसाहेब, हुकूम शाळा समितीवर होता. हे म्हणतात, आता शाळा मंडळाची. मग हुकूम कोणाला बांधतो? हवेला?"

"हुकूम समितीला बांधतो," ओक्ली म्हणाले. "तिच्या अधिकाऱ्यांना, नोकरांना बांधतो. आणि त्यांच्याशी हातमिळवणी करणाऱ्या कोणालाही — मग त्याने टोपी कोणतीही घालो. फक्त एक अट. हुकूम त्याला कळलेला हवा. मार्शलने हातात दिलाच पाहिजे असं नाही. कसाही कळो. पण कळला होता हे मला सिद्ध करावं लागेल. हॅच म्हणतो, नव्हता कळला. मंगळवारी तो तळ्यावर होता. दुसरं सांगणारा मला एक माणूस मिळत नाही."

एकेकाने हातातली ताटली खाली ठेवली.

लूएला माझ्याकडे वळली नाही. नुसता माझा हात धरला. घट्ट. पाच बोटांत तिने विचारलं आणि पाच बोटांत मी 'नाही' म्हटलं.

साक्ष दिली की दुकान गेलं. एक दिवस टिकणार नाही. लेनर्डची भाकरी गेली, बाकी दोघांची गेली. विनीच्या कॉलेजचे पैसे येतात कुठून? त्या चार खुर्च्यांतूनच ना! शाळा उघडून दिली आणि पुढचं दार स्वतःच बंद केलं, तर काय मिळवलं?

मंगळवार, ७ ऑक्टोबर

विनी आज डबा घेऊन दुकानाच्या मागच्या दाराशी आली होती. तळलेली कोंबडी, मक्याची भाकरी. आत टॅल्बर्टचा आवाज: "पायऱ्यांवर बसतात ना त्या? थंडी पडली की जातील आपोआप. कोंबड्यांसारख्या."

तिने ऐकलं. मी ऐकलं. तिने ऐकलं हे मी बघितलं.

डबा माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाबा, गिऱ्हाईक खोळंबलंय."

बुधवार, ८ ऑक्टोबर

ओक्लींना फोन केला. पोस्टातून नव्हे — पोस्टमास्तर माझंच गिऱ्हाईक. शेजारच्या काउंटीत गाडी चालवत गेलो आणि तिथून केला.

"मी कोर्टाचं बोलावणं धाडलं तर तुम्हाला यावंच लागेल," ते म्हणाले, "म्हणजे लोकांना सांगता येईल, माझा नाइलाज होता."

"धाडा," म्हटलं. "पण नाइलाज होता असं मी सांगणार नाही."

लेनर्डला आधी सांगितलं. त्याने वस्तरा पट्ट्यावर घासणं थांबवलं नाही. "बॉस," म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही ऐकलंच नाही त्या मंगळवारी."

मंगळवार, १४ ऑक्टोबर

संपलं एकदाचं. अंग दुखतंय, जणू दिवसभर दगड फोडले.

फेडरल कोर्ट, उंच छत, समोर हॅच आणि टॅल्बर्ट. टॅल्बर्टचंच नाव यात गुंतलेलं, म्हणून त्यांची बाजू मांडायला राजधानीहून राज्याचा सरकारी वकील आलेला. त्याने आधी हॅचना विचारून घेतलं. तळ्यावर होतो. वकील भेटला नाही. हुकूम कळला नाही. ओक्लींनी साप्ताहिकातला फोटो पुढे केला: "ही पट्टी कशाची?"

"मासे धरताना गळ लागला."

मग मी.

"मिस्टर प्रुइट," ओक्ली म्हणाले, "आपला व्यवसाय?"

भर कोर्टात! लूएला मागच्या बाकावर होती. तिच्या टोपीवरचं पीस हललेलं मला दिसलं.

सगळं सांगितलं. टॉवेल, कागद, बेसबॉल, अरेरे. 'अरेरे' म्हणून दाखवलं तेव्हा मागून कोणीतरी हसलं आणि जज्जांनी हातोडा आपटला. टॅल्बर्टचा चेहरा साबणासारखा पांढरा.

सरकारी वकील उठला. "होरेस, गरम टॉवेलखाली माणसाला डुलकी लागते, खरं ना?"

"पुष्कळांना लागते, साहेब."

"मग हॅच झोपले नव्हते कशावरून?"

"झोपलेला माणूस हसत नाही. आणि हसला नसता तर मी कापलं नसतं. तीस वर्षांत या गावात मी कोणाला कापलेलं नाही. विचारा कोणालाही. तुमच्या बाजूचे सगळे माझीच गिऱ्हाइकं आहेत."

"ते सांगतात गळ लागला."

"गळाने भोक पडतं, साहेब. वस्तऱ्याने रेघ उठते. हनुवटीखाली, डावीकडे, आडवी. तिथे त्यांना खुंट येत नाहीत आता."

वकिलाने जज्जांकडे पाहिलं. जज्ज चष्मा कपाळावर सरकवून पुढे वाकले. पांढरे केस, मानेवर वेडेवाकडे, कोणीतरी वाईट कापतो त्यांचे.

"मिस्टर हॅच, इकडे या. हनुवटी वर करा."

हॅचनी हनुवटी वर केली. डोळे मिटून. रोज सकाळी माझ्यासमोर करतात तशी.

सोमवार, २० ऑक्टोबर

निकाल! ओक्लींनी चर्चमध्ये वाचून दाखवला. हॅचना हुकूम मंगळवारीच कळला होता. कळल्या क्षणापासून तो त्यांना बांधत होता. बुधवारची सही हा कोर्टाचा अवमान. भाडेपट्टा रद्द. मंडळ हे समितीचंच दुसरं तोंड, म्हणून त्यालाही हुकूम लागू. राज्याच्या विधिमंडळाने कितीही ठराव केले तरी घटनेवर ते चढू शकत नाहीत. पुढच्या सोमवारपर्यंत काउंटीच्या सगळ्या शाळा उघडा, नाहीतर हॅच तुरुंगात.

टॉलिव्हर रडला. ताठ उभा राहून रडला.

आणि शहाणे लोक म्हणतील, 'बघा, कायदा जिंकला.' कायदा? कायदा त्या शुक्रवारपासून टॅल्बर्टच्या खिशात पडून होता! हॅच हसला म्हणून जिंकलो. हसला नसता तर? किती काउंट्यांत किती हॅच या क्षणी न हसता दाढी करून घेताहेत?

बुधवार, २२ ऑक्टोबर

एकही गिऱ्हाईक नाही. बस डेपोजवळ कोणी नवा गोरा न्हावी बसवलाय. आमचे बाकी दोघं कारागीर दुसऱ्या गावी गेले. मीच शिफारशीच्या चिठ्ठ्या दिल्या. चार खुर्च्या, आठ आरसे, आणि सगळ्या आरशांत मी आणि लेनर्ड.

बँकेचे म्हातारे मॅनेजर काचेबाहेर थांबले, टोपीला बोट लावलं, आणि पुढे गेले. तीस वर्षं त्यांच्या कानातले केस काढले मी!

रविवार, २६ ऑक्टोबर

उद्या शाळा. विनीने पुस्तकांना नवी वेष्टणं घातली.

ओसरीवर मी एकामागून एक डोकी उरकत होतो. सगळे माझ्या साक्षीच्या गप्पा मारत होते. "हनुवटी वर करा!" टॉलिव्हर जज्जांची नक्कल करत होता. सगळे गेल्यावर विनी झाडू घेऊन केस गोळा करायला आली.

"बाबा, हुकूम ज्याला कळला त्याला तो बांधतो. हो ना?"

"हो. कोर्टानेच सांगितलं."

"त्या मंगळवारी तुम्हीही खोलीत होतात."

"मी सही थोडीच करणार होतो, पोरी? मी कोणता अधिकारी?"

"तसं नाही," ती म्हणाली. झाडत राहिली. "शाळा सगळ्यांची, हे तुम्हालाही कळलं त्या दिवशी. आणि दुकान?"

मला राग आला. फार आला. म्हटलं, ते दुकान नसतं तर तू — आणि तिथेच थांबलो. तोंडात टॅल्बर्टचंच वाक्य येत होतं. शाळेचा खटला वेगळा, दुकानाचा वेगळा!

मंगळवार, २८ ऑक्टोबर

पुढचं दार उघडं टाकलं, सताड. टॉलिव्हरला निरोप धाडलाय: खुर्च्या मऊ आहेत, ये. तो येईपर्यंत मी पहिल्या खुर्चीत बसलो. आजवर कधी बसलो नव्हतो. बाहेर चौक थबकला. लेनर्डने टॉवेल गरम केला, वस्तरा हातात घेतला आणि म्हणाला, "काय करू, मिस्टर प्रुइट?"

"दाढी," म्हटलं. "आणि हसवू नकोस."